चेन ऑइलरचं तेल टायरवर उडतं का?

‘ऑटोमॅटिक चेन ऑइलर लावू नका, तेल मागच्या टायरवर जाऊन गाडी घसरते’ असा मेसेज बाइक रायडर मंडळींत फिरतोय. चेन ऑइलर म्हणजे बाइकच्या चेनवर थेंब थेंब तेल सोडणारं छोटं उपकरण. मेसेज अर्धा खरा आहे.

टायर तेलकट होतो तो बहुतेकदा साध्या, हाताने तोटी फिरवायच्या ऑइलरमुळे. गाडी लावून तोटी बंद करायला विसरलात की रात्रभर ठिबकत राहतं; सकाळी चाकाखाली थारोळं. स्कॉटिश बनावटीच्या स्कॉटऑइलरचं व्हॅक्यूम मॉडेल तसं नाही. त्याची नळी इंजिनच्या इनटेकला, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या मार्गाला जोडतात. इंजिन चालू असताना तिथल्या ओढीने व्हॉल्व्ह उघडतो, बंद केलं की मिटतो. मिनिटाला एक-दोन थेंब, बस्स.

तेल सोडणाऱ्या नळीचं टोक मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन बसते त्या दातेरी चक्राच्या) बाजूला, खालच्या अंगाला टेकलेलं हवं. फिरत्या चाकाच्या जोराने तेल दातांकडे आणि तिथून चेनवर जातं. रिमवर बारीक काळे शिंतोडे दिसले की थेंब कमी करा. टायरवर ओल दिसली, तर पुसल्याशिवाय गाडी काढूच नका.

‘ओ-रिंग चेनला तेल लागतच नाही’ हेही त्याच मेसेजात आहे. ते साफ चूक. या चेनच्या कड्यांत रबरी रिंगा असतात, त्यामुळे आतलं ग्रीस सीलबंद असतं, पण बाहेरच्या रोलरला आणि दातांना तेल हवंच. आणि ऑइलर चेन ताणून देत नाही. ढिलाई तुम्हालाच बघायची आहे.

स्प्लेंडरसारख्या पूर्ण चेनकव्हरच्या गाडीला मात्र हा खर्च मला तरी अनाठायी वाटतो.