बाक काढला म्हणून हात जोडणाऱ्यांनो

पुण्यात, कोथरूडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला बाक आज काढला. काढला म्हणजे कटरने कापला. सकाळी टेम्पो आला, दोन माणसं उतरली, ठिणग्या उडाल्या आणि चहा होईपर्यंत बाक टेम्पोत. फुटपाथवर चार बोल्टांचे बुडखे तेवढे राहिलेत, बोटभर वर आलेले, अंधारात कुणाचा तरी अंगठा फुटेल असे. मी ऑफिसला निघाले होते. थांबून विचारलं, कुणी सांगितलं काढायला? "वरून." वरून म्हणजे कुठून हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा काही दोष नाही, त्यांना हजेरी मिळते.

वरून म्हणजे कुठून ते दुपारी कळलं. एका मैत्रिणीने समोरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा स्क्रीनशॉट पाठवला. "फायनली! फॉलोअपला यश आलं. आता तिथे नको ते लोक बसणार नाहीत." खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. त्यात आपले दोन-तीन ओळखीचे हातही आहेत. गणपतीत वर्गणीची पावती फाडताना "आपला एरिया, आपली माणसं" म्हणणारे.

तर हे नको ते लोक कोण, ते सांगते. सकाळपासून घराघरांतून कचरा गोळा करून, तिथेच उभ्याने ओला-सुका वेगळा करून, बारा-साडेबाराला डबा खायला बसणाऱ्या "स्वच्छ"च्या दोन मावश्या. एका घरची भांडी आणि दुसऱ्या घरचा स्वयंपाक यांच्यामधला पाऊण तास काढायला टेकणाऱ्या बायका. रात्रपाळी संपवून बसची वाट बघणारा वॉचमन. ऑर्डर पडेपर्यंत मोबाइलकडे बघत बसणारी डिलिव्हरीची पोरं. आणि माझी आई. वय ७४, दोन्ही गुडघे बदललेले, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त. घरापासून भाजीवाल्यापर्यंत एका दमात जाता येत नाही म्हणून मध्ये टेकणारी.

आईला "नको ते" म्हणायची हिंमत त्या ग्रुपवर कुणात नाही. तिला सगळे काकू म्हणतात. पण बाक काढताना तिच्यापुरता अर्धा ठेवता येत नाही ना.

आता त्या बाकावर काय चालायचं ते ऐका. जुलै २०२४ आठवतोय? लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुटले आणि सगळीकडे बायकांची धावाधाव सुरू झाली. डोमिसाइल लागतंय, मग नाही लागत, मग १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड चालेल, शाळा सोडल्याचा दाखला चालेल, उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, बँकेला आधार जोडलेलं हवं. ज्यांच्यासाठी योजना, त्यांना त्यातलं निम्मंही कुणी नीट सांगत नव्हतं. सायबर कॅफेवाले मागतील तेवढे पैसे घेत होते. एके दिवशी डबा खाता खाता त्या मावश्यांपैकी एकीने आईला कागद दाखवला, "काकू, एवढं बघता का, काय लिव्हलंय?" झालं. जन्मभर दाखले आणि हजेरीपट लिहिलेल्या बाईच्या हातात फॉर्म पडला. दुसऱ्या दिवशी आई पर्समध्ये दोन पेनं, स्टेपलर आणि चष्म्याची डबी घेऊन खाली उतरली. त्यानंतर आमच्या गल्लीत बाकावर सेतू केंद्र उघडलं, फुकट. बायका रांगेने फुटपाथच्या कडेला बसायच्या आणि आई एकेकीला दटावायची. "आधारवर सुनंदा आणि पासबुकात नंदा, हे चालायचं नाही. आधी ते नीट करून ये, मग बघू." नाव मी बदललंय, दरारा खरा आहे.

ग्रुपवर "फॉलोअप" करणाऱ्या एका बाईंच्या घरी स्वयंपाक करणारीचा फॉर्म त्याच बाकावर भरला गेला. त्या बाईंनीच तिला पाठवलं होतं. "त्या काकूंकडे जा, त्या करून देतात." तेव्हा बाक चालत होता!

मला राग येतोय तो एका लोखंडी बाकासाठी नाही. बाक काही सुंदर नव्हता. आपल्याकडचे सगळे बाक असतात तसाच होता. पाठीवर माजी माननीयांचं नाव, त्यांच्या विकासनिधीचा उल्लेख आणि टेकलं की पाठीत रुतणारी अक्षरं. राग याचा आहे की आख्ख्या कोथरूडमध्ये पैसे न देता बसायला जागा किती उरल्यात ते एकदा चालून बघा. कॅफेत बसायचं तर कॉफी घ्या. मंदिरात बसायचं तर आरतीची वेळ बघा, आणि कचऱ्याच्या कोटात बसलात तर लोक कसे बघतात तेही बघा. बागा? बहुतेक बागांना दुपारी कुलूप असतं. सकाळी चालणाऱ्यांसाठी उघड्या, संध्याकाळी मुलांसाठी उघड्या. भर उन्हात ज्यांना खरंच सावली हवी त्यांच्यासाठी बंद. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ केले, बसायला जागा केल्या. चांगलं केलं, मी स्वतः तिथे जाऊन बसते. पण कचरा गोळा करणारी बाई डबा खायला कोथरूडहून तिथवर जाणार का?

मान्य, रात्री अकरानंतर तिथे पोरं बसायची, सिगरेटची थोटकं पडायची आणि तळमजल्यावरच्यांना त्रास व्हायचा. एकदा बाटली फुटली होती. पण तो प्रश्न रात्री अकराचा आहे, त्यासाठी पोलिसांचे बीट मार्शल असतात. दुपारी साडेबाराच्या डब्याने तुमची झोप कशी मोडत होती?

आणि तो डबा कुणाचा, हेही एकदा बोलूच. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे. त्यातूनच "स्वच्छ" ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. दारोदार जाऊन कचरा घ्यायचा आणि घराघरातून शुल्क गोळा करायचं, अशी त्यांची पद्धत. या शहराला स्वच्छतेची जी काही बक्षिसं मिळतात, ती या बायकांच्या हातांतून जातात. डायपर आणि पॅड कागदात न गुंडाळता तसेच टाकणारे तुम्ही-आम्ही, आणि ते वेगळे करणाऱ्या त्या. त्यानंतर हात धुवायला नळ नाही, जायला स्वच्छतागृह नाही. होता तो एक बाक. पाण्याची बाटली आई घरून न्यायची. पहिल्यांदा नेली तेव्हा मावशी म्हणाली होती, "काकू, बाटली नंतर घेऊ नका परत, तुमाला चालायचं न्हाई." आई म्हणाली, "मला काय चालतं ते मी ठरवीन, तू पाणी पी."

हे लिहिताना जरा शांत झाले होते. मग पुन्हा तो स्क्रीनशॉट उघडला.

"एरियाचा लूक." एकाने लिहिलंय, बाकामुळे एरियाचा लूक जात होता. अहो, तुमच्या गेटसमोर अर्धा फुटपाथ खाऊन बांधलेला रॅम्प आहे, त्याने लूक येतो का? कुंड्या ठेवून अडवलेली जागा? चौकात महिनाभर लटकणारे वाढदिवसाचे फ्लेक्स, ज्यावर चाळीस चेहरे आणि एकही ओळखीचा नाही? त्यांच्याविरुद्ध फॉलोअप करा ना. पण फ्लेक्सवाला उलटून बोलतो. डबा खाणारी बाई उठून जाते.

ज्येष्ठ मंडळींना एक आठवण करून देते. १९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. आई तेव्हा नवीन सून होती. ती सांगते, संपाच्या दिवसांत भांड्यांचा ढीग बघून आजी म्हणाली होती, "यांना सुट्ट्या कशाला हव्यात? दमतात कुठे?" आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून स्वतःच निजली. आई हे सांगताना इतकी हसते की पुढचं वाक्य कळत नाही. चाळिसाहून जास्त वर्षं झाली. त्या दमतात हे आता आपण तोंडाने कबूल करतो, दिवाळीला बोनसही देतो. फक्त दमल्यावर त्या टेकलेल्या दिसल्या की आपल्याला खुपतं.

आता कुणाकडे जायचं? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. तेव्हा सगळे म्हणायचे, काय करणार, प्रशासकाचा कारभार आहे. १५ जानेवारी २०२६ ला एकदाचं मतदान झालं. ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक, आपल्या प्रभागात चार. चारही जणांना आज मेसेज केला. एकाने अंगठा पाठवला. एकाकडून "ताई, माहिती घेतो" आलं. उरलेल्या दोघांच्या निळ्या टिका आल्या आहेत. चार असल्याचा फायदा असा की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. प्रचाराच्या वेळी मात्र चौघेही त्याच बाकावर बसून आईबरोबर फोटो काढून गेले होते, एकाच आठवड्यात, आणि प्रत्येकाला तिने मावशीच्या ई-केवायसीचं काय करणार म्हणून विचारलं होतं.

ते ई-केवायसीचं पण सांगितलंच पाहिजे. लाडकी बहीणचे पैसे चालू राहायचे तर केवायसी करा म्हणाले, आणि त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागत होते. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जाणार. मावशीचे वडील वारले आणि नवरा केव्हाचा निघून गेलाय, दुसरीकडे संसार आहे म्हणतात. ती बाकावर बसून आईला विचारत होती, "काकू, त्याला फोन करून ओटीपी मागू का?" मी तेव्हा शेजारी उभी होते, भाजीची पिशवी घेऊन. आईने चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाली, "पंधराशे रुपयांसाठी त्याच्या दारात जायचं नाही. मी अर्ज लिहिते, अंगणवाडीच्या बाईंना देऊन ये." लिहिला. नीट ठळक अक्षरात, "महोदय, अर्जदार ही परित्यक्ता असून..." वगैरे. त्या अर्जाचं पुढे काय झालं ते अजून कळायचंय, कागद फिरतोय.

म्हणून आज आईला बाक काढल्याचं सांगितलं तेव्हा ती हळहळली वगैरे नाही. तिने विचारलं, "मग गुरुवारी त्या तिघी कागद घेऊन येणार आहेत, त्यांना कुठे बोलावू?"

मी म्हटलं, घरी बोलाव. आणि बोलता बोलताच लक्षात आलं की आमच्याच सोसायटीत घरकामाच्या बायकांनी मागची लिफ्ट वापरायची असा बोर्ड आहे, आणि गेटवर नाव, फ्लॅट नंबर, काम कुणाकडे, हे सगळं लिहावं लागतं. "काम कुणाकडे" या रकान्यात काय लिहायचं? "काकूंकडून फॉर्म भरून घ्यायला"? सेक्रेटरींना फोन केला. ते सज्जन आहेत, खरंच आहेत. म्हणाले, "वहिनी, एकदा चालेल, पण पायंडा नको पडायला." पायंडा!

तर मी अर्ज लिहिलाय. आईने दोनदा दुरुस्त केला, "सदर" हा शब्द पाच वेळा आहे आता. मागण्या तीन. बाक होता तिथेच परत बसवावा. तोवर ते बोल्ट ताबडतोब कापावेत, कुणी पडायच्या आत. आणि आपल्या भागातली एक तरी बाग दुपारी बारा ते तीन उघडी ठेवावी. शनिवारी सकाळी दहा वाजता सह्या घ्यायला मी आणि आई गल्लीच्या तोंडाशी असू. आईसाठी घरून घडीची खुर्ची आणणार आहे, अजून कुणाकडे असतील तर घेऊन या. समोरच्या सोसायटीतलेही बरेच जण या बाकाच्या बाजूचे आहेत हे मला माहीत आहे. ग्रुपवर बोलत नाहीत, पण मला खासगीत मेसेज आलेत. खासगीतला पाठिंबा नको आहे, खाली उतरा आणि सही करा.

आणि "ती जागा पार्किंगला उपयोगी पडेल" असं कमेंटमध्ये लिहिणार असाल तर कष्ट घेऊ नका. संध्याकाळी परत आले तेव्हा तिथे दोन स्कूटर लागलेल्या होत्या. नंबर लिहून घेतलेत.