पिशवी काढली की कटकट गेली म्हणे!

दसरा सरला, ऊसतोडीला निघायची घाई सुरू झाली की हा मेसेज उगवतोच. यंदा घरच्याच ग्रुपवर आला: "लेकरं झाली की गर्भपिशवी बिनकामाची. धुपणी जाते म्हणजे कॅन्सरची सुरुवात. अंडाशयासकट काढा, पाळी नाही, खाडा नाही, कंबरदुखी नाही."

धुपणी, म्हणजे अंगावरून पांढरं जाणं, बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची नाहीतर बुरशीची असते. सरकारी दवाखान्यात तपासून हिरवं किट फुकट देतात: सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, एकदाच. ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा जंतू) असेल तर नवऱ्यालाही गोळी लागते. तो घेत नाही, धुपणी परत येते, आणि खापर पिशवीवर! कॅन्सरचीच धास्ती असेल तर तिशीनंतर व्हीआयए तपासणी करा. पिशवीच्या तोंडाला ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का पाहतात. कॅन्सरच्या आधीची अवस्था निघाली तर बहुधा तेवढाच भाग गोठवून भागतं.

"अंडाशयासकट" वाचून तर डोकंच फिरलं. पंचेचाळीस-पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन हे बाईचं संप्रेरक तिथूनच येतं. तिशीत दोन्ही अंडाशयं काढली की पाळी एका दिवसात कायमची जाते. मग अंगाची आग, घाम, झोप नाही. पुढे हाडं ठिसूळ, हृदयविकाराचा धोका जास्त. अंडाशयं ठेवून नुसती पिशवी काढली तरी ती लवकर थकू शकतात. आणि ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे जड उचलायचं नसतं. मोळ्या कोण वाहणार?

कंबर वाकून वाकून दुखते. गड्याची दुखली तर मणक्याचा एक्स-रे, बाईची दुखली की पिशवी.

खाड्याचं मात्र खोटं नाही. नवरा-बायकोच्या जोडीतली बाई एक दिवस बसली की मुकादम पैसे कापतो. पण दंड मुकादमाचा आणि चिरफाड बाईची, हा कुठला हिशेब? २०१९ साली ऊसतोड बायकांच्या याच ऑपरेशनांची चौकशी करणाऱ्या सरकारी नीलम गोऱ्हे समितीसाठी बीड जिल्ह्यात पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशात १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण तीनेक टक्के आहे.

मोठ्या गाठी, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं, खरोखरचा कॅन्सर: तेव्हा काढावी लागते, कबूल. तरी आधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉईड करून निदान कागदावर लिहून मागा. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. आणि अंगठा देण्याआधी संमतीपत्रात अंडाशयाचा उल्लेख आहे का, तेवढं कुणाकडून तरी वाचून घ्या.