पेटंटवर नाव कोणाचं, मालकी कोणाची?

‘भारतीयांनी २०२३-२४ या एका वर्षात एक लाखावर पेटंटं मिळवली. आता परदेशी शास्त्रज्ञांची गरज नाही. त्यांचं नाव लागलं की आपलं संशोधन बाहेर जातं.’ हा मेसेज मला या महिन्यात चौथ्यांदा आला. पाठवणारे देशप्रेमापोटीच पाठवतात, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

आधी आकडा. त्या वर्षी १,०३,०५७ पेटंटं मंजूर झाली, हे खरं. पण ती भारताने दिली, सगळी भारतीयांना नव्हे. परदेशी कंपन्यांचा त्यात मोठा वाटा आहे. शिवाय त्या वर्षी अर्ज आले होते ९२,१६८. मग मंजुऱ्या जास्त कशा? कारण तुंबलेले जुने अर्ज निकाली निघाले. हे काम कौतुकाचं आहे, पण ती संशोधनाची एका वर्षातली झेप नव्हे. अभिमान वाटावा अशी तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्च २०२२. तेव्हा १९,७९६ अर्जांपैकी १०,७०६ भारतीयांचे होते. ११ वर्षांत पहिल्यांदाच देशी अर्ज पुढे गेले.

आता परदेशी नावाची भीती. कुठल्याही पेटंटचं पहिलं पान उघडा. ७२ या आकड्यापुढे संशोधकांची नावं असतात, ७१ पुढे अर्जदार, ७३ पुढे मालक. बेंगळुरूच्या संशोधन केंद्रातले पाचही संशोधक भारतीय, ७२ पुढे एकही परदेशी नाव नाही, आणि मालक मात्र अमेरिकेतली मूळ कंपनी, असं सर्रास दिसतं. मालकी जाते ती नोकरीच्या करारातून. भांडायचं तर त्या करारातल्या अटींवर भांडा, सोबत काम करणाऱ्या माणसाशी नको.

शिवाय कायदा आहेच. भारतात राहणाऱ्या संशोधकाला पेटंट कायद्याच्या कलम ३९ नुसार आधी परवानगी घ्यावी लागते, नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. त्याशिवाय परदेशात अर्ज करता येत नाही.

सहकार्यात नुकसानच होतं म्हणणाऱ्यांनी रोटाव्हॅक लस पाहावी. बाळांना रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या जुलाबांवरची ही लस. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांच्या टीमला नवजात बाळांत असा रोटाव्हायरस सापडला, की संसर्ग होऊनही बाळं आजारी पडत नव्हती. त्यावर भारतीय आणि अमेरिकी संशोधक वर्षानुवर्षं एकत्र राबले. लस तयार झाली हैदराबादच्या भारत बायोटेकमध्ये. २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात आहे: बाळाच्या तोंडात पाच थेंब, फुकट.