बोंडअळीला विषाची ‘सवय’ लागत नाही

यवतमाळकडे कपाशी करणाऱ्या माझ्या मावसभावाने मोठ्या विश्वासाने एक संदेश पाठवला. त्यातलं म्हणणं असं: बीटी, म्हणजे अळी मारणारं विष स्वतःच बनवणारी कपाशी, खाऊन खाऊन गुलाबी बोंडअळीला विषाची सवय लागली, दारुड्याला दारूची लागते तशी. एक वर्ष बीटी लावू नका, ती विसरेल. बीटीच्या शेताकडेने लावायच्या साध्या, नॉन-बीटी कपाशीच्या ओळी म्हणजे अळ्या पाळणं, ते सगळं थोतांड होतं. आता अळी पक्की झालीच आहे, तर तीन-चार औषधं एकत्र फवारा आणि फरदडही (वेचणीनंतर तीच कपाशी पुढे राखून घेतलेलं जास्तीचं पीक) घ्या. शेतीसल्ला म्हणून हे गावोगाव फिरतंय, याची चीड येते.

आधी ‘सवय’. बीटी बोंड खाऊन मेलेली अळी काही शिकत नाही, आणि जगलेली अळी विष तोंडात जाण्याआधीपासूनच वेगळी असते. एकाच मादीची पिल्लंसुद्धा एकसारखी नसतात. आतड्यातल्या ज्या प्रथिनाला बीटीचं विष चिकटतं, त्याच्या जनुकात एखादीत जन्मतःच बदल असतो आणि विष नीट चिकटत नाही. विषाने तो बदल घडवला नाही, बाकीच्या मारून फक्त ती मागे ठेवली.

हा नुसता तर्क नाही. १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी जिवाणूंच्या वसाहतींवर मखमलीचा ठसा मारून तो स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणू मारणारं औषध घातलेल्या ताटलीवर उमटवला. काही मोजके जिवाणू वाचले. मग मूळ ताटलीत नेमक्या त्याच जागचे जिवाणू घेतले, ज्यांनी ते औषध कधी पाहिलंच नव्हतं. त्यांतून औषधाला दाद न देणारे जिवाणू निघाले. म्हणजे फरक आधी होता, औषध नंतर आलं.

हे कळलं की नॉन-बीटी ओळींवरचा आरोप किती घातक आहे ते दिसतं. बीटीला पुरून उरायला अळीला तो बदल सहसा आई आणि बाप दोघांकडून मिळावा लागतो. असे पतंग सुरुवातीला विरळच. शेजारच्या साध्या कपाशीतून विषाला बळी पडणारे पतंग भरपूर निघाले, तर त्या विरळ पतंगांची जोडी त्यांच्याशीच जमते आणि पुढची पिढी बीटीवर मरते. त्या ओळी काढून टाकल्या की वाचलेला वाचलेल्याशीच जुळतो. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात १९९६ पासून ही साधी कपाशी राखली गेली, पुढे नपुंसक केलेले पतंगही सोडले, आणि २०१८ मध्ये तिथे गुलाबी अळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे बीटी आली २००२ मध्ये, आणि २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत ही अळी दाद देत नसल्याचं खुद्द बीटीचं तंत्र देणाऱ्या मोन्सँटो कंपनीने मान्य केलं. अमेरिकन बोंडअळी ही दुसरी जात मात्र तूर-हरभऱ्यावरही जगते, म्हणजे तिला साधं रान आपोआप मिळालं. ती आजही बऱ्याच अंशी बीटीला दबून आहे. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते.

बीटीसोबत मिळणाऱ्या नॉन-बीटीच्या पाकिटातलं बी अनेकदा सुमार असायचं, तेव्हा शेतकऱ्याने ते बांधावर फेकलं यात त्याचा एकट्याचा दोष नाही, एवढं मान्य.

‘विसरेल’ यातही अर्धं खरं आहे. विष नसेल तिथे तो बदल असलेल्या अळ्या थोड्या मागे पडतात, त्यामुळे त्यांचं प्रमाण घटू शकतं. पण त्याला पिढ्या लागतात, आणि तुमच्या एकट्याच्या शेताने काही होत नाही. पतंग शेजारून येतात.

औषधांच्या मिश्रणाबद्दल वाद घालायचीही इच्छा नाही. अळी बोंडाच्या आत असते, तिथे फवारा पोचत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातच फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली.

राहिली फरदड. जी वाचली तिलाच आणखी एक पिढी वाढवायला बोंडं पुरवणं, असा त्याचा सरळ अर्थ. मावसभावाला सांगितलंय: डिसेंबरअखेर कपाशी उपटायची, आणि पऱ्हाटी (वाळलेल्या काड्या) बांधावर रचून ठेवायची नाही, कारण त्यातल्या किडक्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत सुप्त राहते.