मुका मार लागलेला कोंबडा

नोव्हेंबरात फ्रान्समधल्या आमच्या लियाँवर धुकं उतरलं, की ऱ्होन आणि सोन अशा दोन्ही नद्यांची ओल थेट माझ्या गुडघ्यांत शिरते. अशाच एका बोचऱ्या संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या मादाम भेटल्या आणि मी बोलून बसले, "शनिवारी जेवायलाच या ना. कॉक ओ व्हँ करते." सात वर्षं या देशात राहून घरी पिठलं-भात खाणाऱ्या बाईनं हे बोलायचं काही कारण नव्हतं.

कॉक ओ व्हँ म्हणजे वाइनमधला कोंबडा. वयस्क, चिवट, कुणालाच नको असलेला. तो साध्या रश्श्यात बधत नाही, म्हणून बर्गंडीकडची माणसं त्याला रात्रभर तांबड्या वाइनमध्ये बुडवतात आणि मग मंद आचेवर दोन-तीन तास तंगवतात. खाटकाकडे गेले, तर तो म्हणाला, "कोंबडी हवी तर आत्ता घ्या. कोंबडा आधी सांगून ठेवावा लागतो." सांगून ठेवला. शुक्रवारी तीन किलोंचं ते धूड घरी आलं. वाइनची बाटली कोंबड्यापेक्षा महाग पडू नये एवढीच माझी माफक अपेक्षा होती. पण जी वाइन प्यायला लाजाल ती भांड्यात घालू नये, असं इथे लहान पोरंही सांगतात. पिनो न्वारच्या दोन बाटल्या भांड्यात ओतताना नवऱ्यानं तोंड फिरवलं. त्याला बघवेना.

शनिवारी सकाळी झाकण काढलं. कोंबडा जांभळा! आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला.

"अगं, कुठं पडला-बिडला होता का हा? मुका मार लागल्यागत दिसतोय."

"वाइनमध्ये मुरलाय, आई."

"हळद लाव त्याला."

कोल्हापुरात मार लागला तरी हळद आणि कोंबडा शिजला तरी हळद, त्यामुळे हा सल्ला नेमका कशासाठी होता ते मला अजून कळलेलं नाही.

मग कांदे. या पदार्थात गोटीएवढे कांदे अख्खे पडतात. मी चोवीस आणले होते. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकले की साल सुटते म्हणतात. सुटते, पण कांद्यासकट. बूड जरा जास्त कापलं की पाकळ्या सुट्या होतात, कमी कापलं की साल हलत नाही. पहिला कांदा निसटून फ्रिजखाली गेला. तो बहुधा अजून तिथेच आहे.

कोंबड्याचे तुकडे टिपून टिपून कोरडे केले (ओले राहिले तर परतले जात नाहीत, नुसते वाफाळतात), डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या चरबीत लालसर परतले आणि मग तो प्रसंग आला. वर कॉन्यॅक, म्हणजे ब्रँडी, ओतायची आणि काडी लावायची. काडी लावली. ज्वाळा माझ्या भुवयांपर्यंत आली आणि भोंगा बोंबलू लागला. २०१५ पासून इथे घरोघरी धुराचा भोंगा कायद्यानं सक्तीचा आहे. नवरा स्टुलावर चढून लाटण्यानं त्याचं बटण शोधत होता, तेवढ्यात दारात मादाम. सपातांमध्ये.

"मला वाटलं, आठला बोलावलंय."

"आठलाच, मादाम."

थाइम, तमालपत्र आणि पार्सलीची जुडी टाकून जड भांडं मंद आचेवर ठेवलं. साडेसातला काटा टोचला. तो परत आला. साडेआठला पुन्हा टोचला, अर्धा गेला. पाहुणीला मी तिसऱ्यांदा ऑलिव्ह दिले. साडेनऊला मांस हाडावरून ढिलं झालं, तेव्हा लोणी-मैदा मळलेली गोळी रश्श्यात सोडली आणि रस्सा असा चकचकीत दाट झाला, की मी घटकाभर सगळं विसरले.

मादामनी सावकाश घास घेतला. "सुंदर! पण आमच्या जुरामध्ये हा तांबड्या वाइनमध्ये करत नाहीत. पिवळ्या वाइनमध्ये करतात." म्हणजे तांबडा-पांढऱ्याचा वाद फक्त आमच्या कोल्हापुरातच नाही तर! वर निघता निघता म्हणाल्या, "आणि हा पदार्थ खरा दुसऱ्या दिवशी लागतो."

बुधवारपासून राबत होते. पण म्हटलं, ठीक आहे, उद्या. रविवारी दुपारी भात लावला, झाकण उघडलं. आत एक तमालपत्र आणि दीड कांदा.

"रात्री बारानंतर दुसराच दिवस लागतो ना?" नवरा म्हणाला.