हातचा एक

मंगल कार्यालयवाल्या काकांचा फोन आला. "अरे, आमच्या वेबसाइटवरचं ते 'तारखा पाहा' बटण केशरी नको, मेंदीच्या रंगाचं कर. उद्या सकाळी येतो बघायला."

"पाच मिनिटांचं काम, काका," असं मी बोलून गेलो.

सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेत, बटणाच्या क्लासवर (गटाच्या नावावर) एक ओळ लिहिली, रंग मेंदी. रिफ्रेश केलं. बटण केशरीच. इन्स्पेक्ट करून, म्हणजे कुठला नियम लागला ते ब्राउझरलाच विचारून पाहिलं, तर माझ्या ओळीवर आडवी रेघ, शाळेत बाई चुकीच्या उत्तरावर मारायच्या तशी. वरती आयडीवर (त्या एकट्या बटणाच्या नावावर) लिहिलेली जुनी ओळ मांडी ठोकून बसलेली.

सीएसएसमध्ये दोन नियमांचं जुंपलं की मानपान तीन घरांत मोजतात: आयडी, क्लास, टॅग (घटकाचा प्रकार). डावीकडच्या घरात बरोबरी झाली तरच पुढच्या घराकडे बघायचं. माझे 0-1-0, त्याचे 1-0-0.

मला वाटलं, दहा झाले की हातचा एक येतो, लहानपणापासून येत आलाय. एकच क्लास पुन्हा पुन्हा लिहिला तरी तो दर वेळी मोजतात, म्हणून मी तोच अकरा वेळा चिकटवला. वाचताना "अहो, अहो, अहो" असं ऐकू यायचं. 0-11-0. हातचा आला नाही. 1996 च्या पहिल्या सीएसएसमध्येच लिहून ठेवलंय, हे आकडे मोठ्या पायाच्या संख्यापद्धतीत मांडा, म्हणजे दहाला हातचा नाही. अकरा चुलते आले म्हणून मामाचा मान जात नाही. (पूर्वी काही ब्राउझरांत 256 क्लास रचले की खरंच हातचा जायचा, 255 पर्यंतच मोजू शकणाऱ्या एका बाइटची कृपा. मी या धंद्यात उशिरा आलो.)

रात्री साडेअकराला लाज सोडून इम्पॉर्टंट लावलं; हा शिक्का असलेली ओळ साध्या ओळींवर मोजणीविनाच जिंकते. तरी केशरी! मग दिसलं, त्या आयडीवाल्यानेही ओळीच्या टोकाला इम्पॉर्टंट लावलेलं. दोघेही व्हीआयपी म्हटल्यावर पुन्हा तीच घरं, तीच मोजणी.

शेवटी मीही आयडी घेतला, इम्पॉर्टंट लावलं आणि फाइलच्या तळाशी जाऊन बसलो. बरोबरी झाली की शेवटी लिहिलेलं जिंकतं. बटण मेंदीचं झालं. झोपलो.

सकाळी काका आले. "वा, झकास!" म्हणत त्यांनी माउस बटणावर नेला. बटण केशरी. माउस बाजूला, मेंदी. पुन्हा वर, केशरी. जुन्या फाइलीत हॉवरचा (माउस वर असतानाचा) वेगळा नियम होता, तोही इम्पॉर्टंटवाला, आणि हॉवर क्लासच्या घरात एक गुण खातो. 1-1-0.

"बघायला मेंदी आहे रे," काका म्हणाले, "पण दाबायला गेलं की केशरी होतंय."

"मग दाबू नका ना, काका."