इरफानची हॅटट्रिक आणि चॅपेल यांच्यावरचा आळ

‘कराचीत पहिल्याच षटकात हॅटट्रिक घेऊन इरफान पठाणने पाकिस्तानला लोळवले, पण त्याला फलंदाज बनवण्याच्या हट्टापायी भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांनी त्याची गोलंदाजी संपवली’, अशा आशयाचा मजकूर कोल्हापुरातल्या तालीम-मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर जानेवारी संपत आला की पुन्हा फिरू लागतो. तो पुढे पाठवणाऱ्यांत माझे जवळचे स्नेहीही आहेत. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली नाबाद ४४३ धावा करूनही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, ही खंत बाळगणाऱ्या गावाने कोणाच्याही अर्धवट राहिलेल्या कारकिर्दीत आधी खलनायक शोधावा, हे मी समजू शकतो. पण या मजकुरातल्या तारखा जुळत नाहीत.

‘लोळवले’ या शब्दाचा निकाल लवकर लागतो. २९ जानेवारी २००६ च्या त्या रविवारी पाकिस्तानची अवस्था आधी शून्यावर ३ आणि मग ३९ धावांत ६ बाद अशी झाली, हे खरे. परंतु कामरान अकमलच्या ११३ धावांच्या जोरावर त्यांनी २४५ पर्यंत मजल मारली आणि अखेर तो सामना भारत ३४१ धावांनी हरला, मालिकाही गेली. याने हॅटट्रिकचे मोल तसूभरही कमी होत नाही. कसोटी सामन्याच्या पहिल्याच षटकात असा पराक्रम दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही, आणि त्यातले कौशल्य तर आणखी मोठे आहे. उजव्या फलंदाजासाठी आत येणारा चेंडू डावखुऱ्या फलंदाजासाठी बाहेर जातो. म्हणजे चौथ्या चेंडूवर डावखुरा सलमान बट स्लिपमध्ये द्रविडच्या हाती गेला, पाचव्यावर युनूस खान पायचीत झाला आणि सहाव्यावर मोहम्मद युसूफचा त्रिफळा उडाला, हे तिन्ही बळी एकाच दिशेच्या स्विंगचे होते.

आता मुख्य आरोप. चॅपेल २००५ च्या मध्यावर प्रशिक्षक झाले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये झिम्बाब्वेत इरफानने दोन कसोटींत २१ बळी घेतले. ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात तिसऱ्या क्रमांकावर येऊन ८३ धावा काढल्या, डिसेंबरमध्ये दिल्लीच्या कसोटीत सलामीला जाऊन ९३. कराचीची हॅटट्रिक त्यानंतर सुमारे सात आठवड्यांनी आली. ज्या फलंदाजीने त्याचा स्विंग संपवला असे सांगितले जाते, ती त्याच्या सर्वांत गाजलेल्या षटकाच्या आधीच सुरू झाली होती! त्याला तिसऱ्या क्रमांकावर पाठवण्याची कल्पनाही मुळात सचिन तेंडुलकरची होती, असे खुद्द इरफानने निवृत्तीनंतर सांगितले आहे. ज्याच्या वतीने आपण भांडतो, त्याचीच साक्ष आपण मानत नाही, हे मला चमत्कारिक वाटते.

आरोपात तथ्याचा अंश आहे, तो नाकारू नये. २००६ च्या मध्यानंतर इरफानचा वेग आणि स्विंग दोन्ही ओसरले, कसोटी संघातली जागा गेली, आणि दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून त्याला अर्ध्यातच मायदेशी पाठवण्यात आले. त्या वेळी प्रशिक्षक चॅपेलच होते. एवढ्यावरून त्यांच्या कार्यपद्धतीवर टीका जरूर करता येईल. पण ‘संपवली’ म्हणायचे, तर चॅपेल एप्रिल २००७ मध्ये पद सोडून गेल्यानंतरचे काय? त्याच वर्षी ट्वेन्टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात १६ धावांत ३ बळी घेऊन इरफान सामनावीर ठरला, डिसेंबरमध्ये बंगळूरला पाकिस्तानविरुद्ध त्याने कसोटी शतक ठोकले आणि जानेवारी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पर्थच्या ऐतिहासिक विजयातही सामनावीराचा मान त्यालाच मिळाला.

कसोटीतली कारकीर्द तुटली ती त्यानंतर, एप्रिल २००८ मध्ये, अहमदाबादला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारत ७६ धावांत गारद झाला त्या सामन्याने. तेव्हा त्याच्या नावावर २९ कसोटींत बरोबर १०० बळी होते आणि वय होते २३. झहीर खान पुन्हा बहरात आला होता, इशांत शर्मा नव्याने उभा राहत होता, आणि पुढे इरफानला दुखापतींनी गाठले. एकदिवसीय संघात तो अधूनमधून परतत राहिला. ऑगस्ट २०१२ मध्ये पल्लेकेले येथे श्रीलंकेविरुद्ध ५ बळी घेऊन तो सामनावीर ठरला, आणि तोच त्याचा शेवटचा एकदिवसीय सामना झाला. चॅपेल यांना पद सोडून तेव्हा पाच वर्षे उलटली होती.